हायकीआईचं नाव

ज्या वर्षी आधी उंदीर मेले आणि मागून माणसं मेली, त्या वर्षाची ही गोष्ट. आमच्या चिलारवाडीत त्याचं साल कुणी सांगत नाही. 'उंदरांचं साल' म्हटलं की शेंबड्या पोरालाही कळतं.

चिलारवाडी म्हणजे माणदेशाच्या कडेला टाकून दिल्यासारखं गाव. चारी बाजूंनी माळ, माळावर चिलारीची काटेरी जाळी, आणि गावात शिरायला एक वेस. तेव्हा गावाला साठ उंबरे होते. त्यातला एक उंबरा गळव्यांचा. म्हातारा रखमाजी गळवे, त्याची म्हातारी, चार मुलगे, चार सुना आणि पोरंबाळं. रखमाजीचा तिसरा मुलगा केरू. या केरूच्या बायकोची ही गोष्ट आहे. तिला गाव हायकीआई म्हणतं. ते तिचं नाव नव्हे. तिचं नाव काय, तेच तर सांगायचं आहे. म्हणजे सांगता येत नाही, तेच सांगायचं आहे.

त्या वर्षी ज्वारी पोटऱ्यात असताना पहिला उंदीर आढ्यावरून पडला. तो पाटलाच्या घरात पडला. पाटील शहाणा होता, दुसऱ्या दिवशी बायकापोरं घेऊन माळावर खोपीत राहायला गेला. त्याच्या मागून ज्यांचे पाय चालत होते ते सगळे गेले. ज्यांच्या काखेत, जांघेत गाठ आली होती ते मागं राहिले. गळव्यांच्या घरात गाठ आधी म्हातारीला आली, मग थोरल्याला, मग सगळ्यांना. फक्त केरूच्या बायकोला आली नाही, आणि तिच्या तीन वर्षांच्या लेकीला, ठकूला, आली नाही.

असं म्हणतात की रोग तिच्या दारात येऊन तिला बघून मागं फिरला. मी म्हणते, मागं फिरला असता तर घरातली अकरा माणसं कुणी खाल्ली?

अकरा माणसं. तिनं एकेकाला पाणी पाजलं, एकेकाचं अंग पुसलं. पहिल्या दोघांना उचलायला आळीतली माणसं आली. पुढं उचलायलाच कुणी राहिलं नाही. बाईनं तिरडीला खांदा द्यायचा नसतो, हे तिला ठाऊक होतं. पण मढ्याला ते कसं सांगणार? तिनं शेणाची गाडी काढली. बैल खोपीकडं गेले होते. मग जू स्वतःच्या मानेवर घेतलं, गाडीत दीर, गाडीत सासरा, आणि गाडीच्या कडेला ठकू बसलेली. अशी ती ओढ्यापर्यंत गेली. नवऱ्यालाही तसंच नेलं. असं म्हणतात की त्या दिवशी तिला गाडी जड लागली नाही, मागून कुणीतरी ढकलत होतं. आमच्या गावात गोष्ट इथं आली की म्हाताऱ्या माना डोलावतात. ढकलत कुणी नव्हतं, बायांनो. ढकलणारं कुणी असतं तर तिनं जू मानेवर घेतलं असतं का?

म्हातारी सासू मरताना एकच बोलली होती. "घरात दिवा ऱ्हाऊ दे गं. अंधारं घर भूत खातं."

ती रोज सांजेला दिवा लावायची. मग शेजारच्या घरातला म्हातारा धोंडी भिंतीपलीकडून ओरडला, "ए गळव्याची! माझ्याबी उंबऱ्यावर एक ठेव की. माझं कोण हाय आता?" तो मेला. तिनं त्याच्या उंबऱ्यावरही दिवा ठेवला. मग पलीकडच्या घरात. मग त्याच्या पलीकडं. रोग सरला तेव्हा गावात एकोणीस घरं अशी होती, की ज्यांत दिवा लावायला माणूस नव्हतं. ती एकोणीस घरं रोज सांजेला उजळायची.

असं म्हणतात की तिच्याकडचं करडईचं तेल सरलं, पण दिव्यातलं सरलं नाही. वात कोरडी जळायची. ती एका दारातून दुसऱ्या दारात जायची तेव्हा ज्योत तिच्या मागं मागं चालायची, वाऱ्यानं विझायची नाही. हे मी लहानपणापासून ऐकलंय आणि ते मला आवडायचंही. पण मी स्वतः एकदा पायलीभर निंबोळ्या कुटून तेल काढून बघितलंय. वाटीभर तेल निघतं, आणि हात आठ दिवस कडू राहतात, घास तोंडात घालवत नाही. एकोणीस दिव्यांसाठी तिनं किती कुटल्या असतील, हे ज्योत चालवणाऱ्यांनी कधी मोजलं नाही.

मग सुगी झाली, माणसं खोपीतून परत आली, आणि सुगीच्या मागून हेळवी आला.

हेळवी म्हणजे घराण्यांचा वंश सांगणारा. हा कर्नाटकाच्या बाजूनं यायचा, बैलावर बसून. आमच्या गावाच्या हेळव्याचं नाव सिद्राम. तो दारापुढं उभा राहायचा आणि त्या घराच्या मूळ पुरुषापासून नावं म्हणायला लागायचा. याचा हा, त्याचा तो, त्याचे दोन, धाकट्याचे तीन. वही गाठोड्यात असायची, पण त्याला वही लागायची नाही. शेवटच्या नावाशी आला की थांबायचा आणि विचारायचा, "पुढं कोण?" घरात मुलगा झाला असेल तर बाप पुढं होऊन नाव सांगायचा. हेळवी ते वहीत चढवायचा, सूपभर ज्वारी घ्यायचा आणि पुढच्या दारात जायचा.

आणि तीनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर वेल खुंटला. हेळवी शेवटच्या नावाखाली दोन आडव्या रेघा ओढायचा. त्या रेघा ओढल्या की ते घर संपलं. शेत भावकीचं, घराची जागा भावकीची.

गळव्यांची भावकी म्हणजे तीन कोसांवरच्या वाडीतला सटवाजी गळवे. तो त्या दिवशी सकाळपासूनच चिलारवाडीत येऊन बसला होता, नवीन पटका बांधून. हेळव्याच्या मागं मागं तो प्रत्येक दारात फिरला, जसा काही सोयरा आलाय.

सिद्राम गळव्यांच्या दारात आला. त्यानं सुरुवात केली. मूळ पुरुष येसू गळवे. येसूचा बहिर्जी. बहिर्जीचे दोन, मालू आणि रायाजी. रायाजीचा रखमाजी. रखमाजीचे चार, राणू, दौलू, केरू, भिवा. म्हणता म्हणता त्याचा आवाज बसला, कारण ही चारही माणसं गेल्या सुगीला त्याला याच दारात ज्वारी घालत होती.

"पुढं कोण?"

ती चुलीपाशी होती. ठकूला कडेवर घेऊन दारात आली. "मी हाय की," ती म्हणाली.

सिद्रामनं तिच्या खांद्यावरून घराच्या आत बघितलं. "पुढं कोण हाय का घरात?"

"हाय की. मी हाय. ही हाय."

सटवाजी हसला. "अगं ए, त्यो माणूस इचारतोय. तुला न्हाई इचारत."

"मग मी काय म्हस हाय?" ती म्हणाली.

लोक हसले. इतक्या मरणानंतर गाव पहिल्यांदा हसलं, ते तिच्यावर.

पाटील म्हणाला, "बाई, गप ऱ्हा. रीत हाय ती. हूं, हेळवी, उरक."

सिद्रामनं तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा मात्र तो डोळे मिटून म्हणाला, "पुढं कोण?"

"हाय की!" असं म्हणतात की ती इतक्या मोठ्यानं ओरडली, की वेशीवरचे पारवे उडाले आणि परत कधी त्या वेशीवर बसले नाहीत. आमच्या वेशीवर आजही पारवा बसत नाही, हे मात्र खरं आहे.

सिद्रामनं गाठोडं सोडलं, वही काढली, आणि दारातल्या दगडावर बसून दोन रेघा ओढल्या.

ती त्याच्याजवळ गेली. "काय वडलंस?"

"बाई, माझ्या हातात न्हाई गं. आमच्या वहीत बाईला जागा न्हाई. तू तुझ्या बापाच्या वहीत न्हाईस, नवऱ्याच्याबी न्हाईस."

"मग मी हाय कुठं?"

सिद्राम म्हणाला, "तू हायस की. समोर दिसतीस मला. पर वहीत न्हाईस."

"माझं सोड. हिला लिव. ही केरूची हाय. हिच्या अंगात गळव्यांचं रगत हाय का न्हाई? का तेबी माझंच?"

"एक लेक लिवली तर उद्या दारोदारच्या लेकी लिवाय लागतील. माझ्या बापाचा बाप बी मातीतनं वर येऊन मला जोड्यानं हाणील."

असं म्हणून तो बैलाकडं गेला. आणि बैल खाली बसला.

इथून पुढची गोष्ट आमच्या गावातलं लहान पोरही सांगतं. बैल तिच्या दारापुढं जो बसला तो उठेना. सिद्रामनं कासरा ओढला, शेपटी पिळली. लोकांनी वैरण दाखवली, चाबूक दाखवला, पोटाखाली ओंडका घालून उचलून बघितला. बैल ढिम्म. एक दिवस गेला. दुसरा गेला. ती येता-जाता त्याला पाणी दाखवायची, तो तिच्या हातचं पाणी प्यायचा. बाकी कुणाकडं मान वळवायचा नाही. सांजेला ती एकोणीस दिवे लावायला जायची तेव्हा तिच्या वाटेकडं बघत राहायचा. असं म्हणतात की त्याच्या डोळ्यांत एकोणीसही दिवे एकदम दिसायचे.

तिसऱ्या दिवशी गाव घाबरलं. हेळव्याचा बैल म्हणजे महादेवाचा नंदी. तो मरून पडला तर गावावर आणखी काय येईल? पाटीलच म्हणाला, "लिव बाबा त्या पोरीचं नाव. आन तिचंबी लिव. शाईला काय सोनं लागतंय?" सटवाजी बोलायला गेला तर त्याच्याच पटक्याच्या टोकानं लोकांनी त्याचं तोंड दाबलं.

सिद्रामनं वही उघडली. गाव भोवती उभं राहिलं. त्यानं बोरू शाईत बुडवला. तिला जवळ बोलावून हळूच नाव विचारलं. तिनं त्याच्या कानात ते सांगितलं. पोरीचंही सांगितलं. त्यानं लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग वाळू टाकून शाई वाळवली आणि म्हणाला, "लिवलं बाई."

गावात वाचता येणारा एक कुलकर्णी होता. तो उंदरांच्या सालात गेला होता.

ती बैलाजवळ बसली. त्याच्या वशिंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "ऊठ बाबा. लिवलंया."

आणि बैल उठला.

असं म्हणतात की त्या बैलाला सिद्रामनं पुन्हा कधी जुंपलं नाही, तो थेट कैलासाला गेला. असं म्हणतात की पुढच्या सुगीपासून हेळवी तिच्या दारात थांबायचा नाही, कारण गळव्यांचं पान पुरं झालं होतं, त्यात आता विचारायचं काही उरलं नव्हतं. ती मात्र दरवर्षी दारात येऊन उभी राहायची आणि तो पुढून जाताना म्हणायची, "हाय की." म्हणून ती हायकीआई. असं म्हणतात की पुढं तिनं ठकूचं लग्न गावातच वरच्या आळीला करून दिलं, त्या सांजेला एकोणीस दिवे लावले, आणि विसाव्या, म्हणजे आपल्याच उंबऱ्यावर ती स्वतः ज्योत होऊन बसली. सकाळी तिथं नुसती पणती होती.

गावाची गोष्ट इथं संपते. माझी इथं सुरू होते.

ठकू ही माझ्या आईची आजी. म्हणजे हायकीआई माझी खापरपणजी. मला आजोळीच दिली, मामाच्या घरात, म्हणून मी याच गावात आहे. माझी आई गेल्या वर्षी वारली. शेवटच्या आठवड्यात तिला सगळं विसरायला झालं होतं, मला ती बाई, बाई म्हणायची. पण एके दुपारी तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "हायकीआईचं नाव काय गं हुतं?"

मी म्हटलं, "हायकीआईच की."

"ते न्हवं. नाव. आईबापानं ठेवलं असंल की काहीतरी." मग म्हणाली, "ठकू-आजीला मी इचारलं हुतं. ती म्हणली, मी तर तिला आई म्हणत हुते."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. नवरा बायकोचं नाव घेत नव्हता. दीर-जावा, सासू-सासरे, जे तिला नावानं हाक मारायचे, ते सगळे तिनं गाडीतून ओढ्यावर नेले होते. बाकी गावाला ती 'गळव्याची' होती. तीन वर्षांच्या पोरीला ती आई होती. म्हणजे उंदरांच्या सालात बारावं मरण तिच्या नावाचं झालं, आणि ते कुणी मोजलं नाही.

आईला म्हटलं, "शोधते. हेळव्याच्या वहीत असणारच. त्यानं लिवलं हुतं." आई म्हणाली, "लवकर शोध." ती तिसऱ्याच दिवशी गेली. मी तेव्हा अजून चप्पलही घातली नव्हती.

मी चौथी शिकलेली. कचेरीत गेलं की मला घाम सुटतो, पण मी गेले. तालुक्याच्या जुन्या दप्तरात कोतवालानं लिहिलेल्या जन्ममरणाच्या वह्या असतात. तिथला कारकून आधी म्हणाला, "मावशी, मोडीत आहे, तुम्हाला काय समजणार?" मी म्हटलं, "तुला समजतंय का?" मोडी वाचणारे एक म्हातारे गुरुजी कचेरीत बसायचे, त्यांनी चार दिवस खपून ते पान काढलं. ठकूच्या लग्नाचंच वर्ष होतं. गुरुजींनी बोट ठेवून वाचलं. 'चिलारवाडी. केरू गळवे याची विधवा. उमर अदमासे छत्तीस. ताप.' नावाच्या जागी तेवढंच होतं, केरू गळवे याची विधवा. ज्याला मरून तेरा वर्षं झाली त्याचं नाव होतं. जी मेली तिचं नव्हतं.

ज्योत झाली म्हणे. तापानं मेली. छत्तीस वर्षांची.

मग हेळव्याची वही राहिली. सिद्रामचा पणतू इराप्पा आता आमच्या गावाला येतो. त्याचं गाव सीमेपलीकडं. दोन एसट्या बदलून मी तिथं गेले. तो मला बघून चपापला, मग बायकोला चहा ठेवायला सांगितला.

"अक्का, सुगी झाली की मी येणारच हुतो. तुमी कशाला तरास घेतला?"

"गळव्यांचं पान बघायचंय."

"ते पान संपलंय अक्का."

"संपलंय ते मला ठावं हाय. तेच वाच."

त्यानं बराच वेळ लावला. लोखंडी पेटी काढली, पेटीतून लाल फडक्यातली वही काढली, वहीला हळदकुंकू लावलं. पानं पिकलेल्या तमाखूसारखी झाली होती. तो एकेक नाव वाचत आला. येसू. बहिर्जी. मालू, रायाजी. रखमाजी. राणू, दौलू, केरू, भिवा. त्याखाली दोन रेघा. रेघांखाली अक्षरं होती. सिद्रामनं खरंच बराच वेळ लिहिलं होतं, ते मला दिसत होतं.

"वाच."

इराप्पानं पानावर तळवा ठेवला.

"वाच की रं."

"'पुढे कोणी नाही,'" त्यानं वाचलं. "'नंदी दारात बसला. तीन दिवस बसला. चारा गावाने दिला. नंदीचे नाव चंद्रा.'"

"आन?"

"आन न्हाई."

"पान उलट."

"उलटलं अक्का. पुढं मोहिते लागले."

बैलाचं नाव लिहिलं होतं. माझ्या खापरपणजीनं सिद्रामच्या कानात स्वतःचं नाव सांगितलं, लेकीचं सांगितलं, सगळं गाव बघत होतं, आणि त्या माणसानं तिच्या समोर बसून बैलाचं नाव लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं खरं मानलं. बैलानं तिचं खरं मानलं.

आणि तो बैल कैलासाला गेला नव्हता. इराप्पाच्या घरात त्याचीही गोष्ट आहे, ती त्यानंच सांगितली. सिद्रामनं त्याला पुढच्याच बाजारात विकला. पुन्हा चिलारवाडीत बसेल या भीतीनं. दुसऱ्या सुगीला तो दुसरा बैल घेऊन आला. तिनं तो दुसरा बैल बघितला असणार. दारापुढून न थांबता जाणारा हेळवी बघितला असणार. तिला त्याच दिवशी कळलं असणार. त्याच सुगीला सटवाजीनं शेत घेतलं. घर तेवढं सोडलं, कारण त्या घरातल्या रोगाची त्याला भीती वाटत होती. तरी ती बारा वर्षं दारात उभी राहून म्हणत राहिली, हाय की.

चहा निवला. इराप्पाची बायको पदर तोंडाला लावून उभी होती.

मी म्हटलं, "आत्ता लिव."

मला वाटलं होतं तो रीत सांगेल, भांडेल. मी भांडायच्याच तयारीनं गेले होते, एसटीत सगळं तोंडपाठ केलं होतं. पण इराप्पा उठला, फळीवरचा पेन घेतला, वही मांडीवर घेतली, आणि त्या अक्षरांखालच्या कोऱ्या जागेवर हात ठेवला.

"लिवतो अक्का. माझ्या पणज्याचं पाप हाय, माझ्या हातानं फेडतो. नाव सांगा."

मी सांगायला तोंड उघडलं.

"सांगा की अक्का. नाव काय?"

शंभरावर वर्षं गेल्यावर एक हेळवी लिहायला बसला, आणि सांगायला माणूस नव्हतं. तिनं ते नाव ज्या एका कानात सांगितलं होतं, तो कान मातीत गेला होता. तिचं माहेर कुठलं, तेही कुणाला ठाऊक नाही.

"ठकू लिव," मी शेवटी म्हटलं. "केरूची लेक ठकू. ठकूची लेक, तिची लेक, तिची लेक मी. ती नावं मी सांगते."

"ती लिवतो. पर वरची जागा?"

"वरची ऱ्हाऊ दे."

त्यानं एक ओळ सोडली आणि खाली ठकू लिहिलं. आम्ही वहीत चढलो. आमच्या डोक्यावर ती कोरी ओळ आहे.

गावात मी हे बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. मग एकदा पाणवठ्यावर सांगून टाकलं. मला वाटलं बायका रडतील, नाहीतर मला खोटी पाडतील. वरच्या आळीची सोनाकाकी हंडा घासत होती. ती मान वर न करता म्हणाली, "ठावं हाय की गं आमास्नी."

"काय ठावं हाय?"

"लिवलं न्हाई ते. लिवलं असतं तर नाव ठावं नसतं का?"

आणि हंडा घासत राहिली. बाकीच्याही घासत राहिल्या. त्यांच्या आयांना ठाऊक होतं, त्यांच्या आज्यांना ठाऊक होतं. कैलास आणि ज्योत पुरुष सांगत होते आणि आम्ही माना डोलावत होतो.

आजही सुगी झाली की हेळवी चिलारवाडीला येतो. बाकीच्या गावांना इराप्पा मोटारसायकलवर जातो, पण आमच्या गावाला त्याला बैल आणावाच लागतो. हायकीआई गेल्यावर बायकांनी धरलेल्या रितीनं त्या सांजेला एकोणीस दिवे लागतात. त्यातल्या सात जागांवर नवी घरं झालीत, बाकीच्या बारा जागी नुसते जोत्याचे दगड आहेत आणि चिलारीची जाळी. बायका हात खरचटून घेत आत शिरतात आणि दगडावर पणती ठेवून येतात. तेल निंबोळीचंच लागतं. वारा असतो. पणत्या विझतात. पुन्हा लावतो.

मग बैलाला वेशीत बसवतात. हेळवी येसूपासून भिवापर्यंत नावं म्हणतो आणि विचारतो, "पुढं कोण?" तीनदा विचारतो. तिन्ही वेळा वेशीतल्या सगळ्या बाया एका आवाजात म्हणतात, "हाय की!"

पूर्वी विचारणं इथंच सरायचं. यंदापासून इराप्पा वही उघडतो आणि आणखी एक विचारतो. "नाव काय?"

कुणी बोलत नाही. पाटलांची सून असते, सोनाकाकी असते, मी असते. बैलाच्या गळ्यातली घंटासुद्धा वाजत नाही. इराप्पा पेन हातात धरून थांबतो. कोऱ्या ओळीकडं बघतो, आमच्याकडं बघतो. मग टोपण लावतो.

पण बैलाला उठवायला तर लागतं. ते काम गावातल्या सगळ्यांत लहान, बोलता येणाऱ्या पोरीचं. आई तिला पुढं ढकलते. ती भीत भीत बैलाजवळ जाते, वशिंडापर्यंत तिचा हात पोचत नाही, मग पाठीवर ठेवते, आणि शिकवलेलं म्हणते.

"ऊठ बाबा. लिवलंया."

आणि बैल उठतो. त्याला खोटं कळत नाही.